काकतालीय न्याय आणि लिथियम

कावळा ताडावर बसावा आणि त्याच क्षणी ताडफळ गळून पडावे, एवढ्यावरून कावळ्याच्या भाराने फळ पडले असे अनुमान करू नये, हे आपल्या तार्किकांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. मराठीत हाच कावळा ताडावरून उतरून साध्या फांदीवर बसला व म्हण होऊन घरोघर पोहोचला. तर्कशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण दिले की विद्यार्थी हसतात. इतकी उघड चूक कोण करील, असा त्यांचा भाव असतो. परंतु मनुष्याच्या मनाचे काही विकार असे आहेत की, त्यांच्या बाबतीत ही चूक शहाण्यांतल्या शहाण्याकडूनही होऊ शकते, आणि ती झाली आहे किंवा नाही हे ठरविण्यास विद्वानांस वर्षानुवर्षे भांडावे लागते.

ज्या विकारास हल्ली द्विध्रुवी विकार म्हणतात, व ज्याची दोन टोके जर्मन मनोवैद्य एमिल क्रेपेलिन याने 1899 साली उन्माद-विषाद या एकाच जोडनावाखाली आणली, तो या वर्गातला होय. त्याचे मुख्य लक्षण हे की तो येतो, राहतो आणि जातो. चार महिने माणूस अंथरुणास खिळून असतो. अन्नावरची वासना उडते, जगण्याचीच शरम वाटू लागते. पुढे एके दिवशी तो उठतो, दाढी करतो आणि कचेरीस जातो. कधी सारे याच्या उलट: झोप नाही, बोलण्यास खंड नाही, घरातले दागिने मोडून मोठमोठे व्यापार मांडण्याचे बेत चाललेले, आणि तोही पूर काही काळाने ओसरतो. पुष्कळांची मधली वर्षे निरोगी जातात. असा रोग ज्याच्या हाताखाली असताना ओसरेल त्यास यश मिळते. नवस बोलला असेल तर देवास, ताईत बांधला असेल तर मांत्रिकास, रोग्यास महाबळेश्वरी नेले असेल तर तेथील हवेस, आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरास. यांतील शेवटचा दावा पहिल्या तिघांच्या दाव्याहून निराळा आहे, हे ठरवावयाचे कसे? लिथियम नामक एका क्षारावरून 1968 साली युरोपातील मनोवैद्यांत जो वाद माजला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

लिथियमचे पूर्वचरित्र काही फार प्रतिष्ठित नव्हते. 1817 साली स्वीडनमधील योहान ऑगस्ट आर्फवेडसन या तरुण रसायनज्ञास हा धातू उटो बेटावरच्या खाणीतील एका दगडात सापडला. ग्रीक भाषेत दगडास लिथोस म्हणतात, म्हणून हे नाव. त्याच्या क्षारात यूरिक अम्ल विरघळते असे दिसल्यामुळे लंडनच्या आल्फ्रेड गॅरड याने त्या शतकाच्या मध्यास वातरक्तावर त्याची शिफारस केली. डेन्मार्कमधील कार्ल लांग याने, विषादाचे झटकेही त्याच अम्लाच्या दोषाने येतात अशी उपपत्ती काढून, ते मनोविकारांत वापरले. उपपत्ती खोटी ठरली व तिच्याबरोबर औषधही अडगळीत गेले. मग लिथियम राहिले ते बाटलीबंद झऱ्यांच्या पाण्यांत. 1929 साली अमेरिकेत बाजारात आलेल्या आणि पुढे सेव्हन-अप या नावाने प्रसिद्धी पावलेल्या लिंबाच्या पेयातही आरंभी ते असे! शेवटी हृद्रोग्यांस साध्या मिठाऐवजी लिथियम क्लोराइड देण्याची टूम अमेरिकेत निघाली. त्यातून विषबाधा होऊन काही माणसे दगावली, आणि 1949 च्या आरंभी तो पदार्थ तेथील बाजारातून उठला.

त्याच 1949 सालच्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय नियतकालिकात जॉन केड याचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. केड हा सैन्यातील डॉक्टर. सिंगापूर पडल्यावर साडेतीन वर्षे त्याने चांगीच्या छावणीत जपान्यांचा युद्धकैदी म्हणून काढली होती. सुटून आल्यावर तो मेलबर्नजवळील बंडूरा येथे माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात कामास लागला आणि तेथल्या एका टाकाऊ स्वयंपाकघरात त्याने प्रयोग मांडले. उन्माद म्हणजे शरीरातच उत्पन्न होणाऱ्या कोणत्या तरी द्रव्याचा अतिरेक असावा, असा त्याचा तर्क. म्हणून तो उन्मत्त रोग्यांचे मूत्र गिनीपिगांस टोचून पाही. त्यातील यूरिक अम्ल विरघळावे एवढ्याच हेतूने त्याने लिथियमचा क्षार घेतला, आणि प्राणी मरण्याऐवजी सुस्त होऊन पडून राहिलेले पाहून तो चकित झाला. ती सुस्ती बहुधा विषबाधेचीच असावी, असे पुढील अभ्यासकांस वाटते. म्हणजे तर्क चुकीचा, प्रयोग संशयास्पद आणि निष्कर्ष मात्र खरा! शास्त्राच्या इतिहासात असे प्रकार आपण समजतो तितके विरळ नाहीत.

केडने ते औषध प्रथम स्वतः घेऊन पाहिले. नंतर 29 मार्च 1948 रोजी त्याने ते एका एक्कावन्न वर्षांच्या रोग्यास सुरू केले. हा गृहस्थ पाच वर्षे अखंड उन्मादात होता. घाणेरडा, विध्वंसक, वॉर्डातील सर्वांस नकोसा झालेला. जुलैच्या 9 तारखेस तो बरा होऊन घरी गेला व आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. उन्मादाचे आणखी नऊ रोगी असेच सुधारले. येथवरची कथा सर्वत्र मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. पहिल्या रोग्याचे पुढे काय झाले ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याने औषध सोडले, उन्माद परतला, तो पुन्हा इस्पितळात आला, आणि 1950 साली लिथियमच्याच विषबाधेने मरण पावला. ज्या औषधाने त्यास घर पाहावयास मिळाले त्यानेच त्यास नेले. तारणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत या क्षाराच्या बाबतीत दोन बोटांचे अंतर आहे. मेलबर्न विद्यापीठातील एडवर्ड ट्राउटनर व त्याचे सहकारी यांनी रक्तातील लिथियम मोजून मात्रा ठरविण्याची पद्धत रुळविली नसती तर हे औषध तेथेच संपले असते. शिवाय ते पडले खनिज क्षार. कोणास त्याचे पेटंट मिळण्यासारखे नव्हते. म्हणून औषधांच्या कारखानदारांसही त्याची आस्था नव्हती.

ते उचलले डेन्मार्कने. आऱ्हूसनजीक रिस्कोव येथील मोगेन्स स्कौ याने सहकाऱ्यांसह 38 उन्मत्त रोग्यांवर लिथियमची कसोटी घेऊन 1954 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील काहींस खरे औषध द्यावयाचे की निःसत्त्व गोळी, हे त्याने नाणे उडवून ठरविले होते. उन्माद शमतो, हे येथे बऱ्यापैकी सिद्ध झाले. पण पुढला प्रकार अधिक विलक्षण होता. पॉल बास्ट्रप नावाच्या दुसऱ्या एका डॅनिश डॉक्टरास आढळले की, उन्माद उतरल्यावर औषध बंद करा असे बजावूनही काही रोगी ते घेतच राहिले आहेत. त्यांचे म्हणणे, आमचे झटके येण्याचेच थांबले. उतारा म्हणून दिलेले औषध प्रतिबंधकही आहे, हा शोध अशा रीतीने प्रथम लागला तो डॉक्टरांची आज्ञा मोडणाऱ्या रोग्यांस. बास्ट्रप व स्कौ यांनी 88 स्त्रियांच्या आजाराचा साडेसहा वर्षांचा वृत्तांत अभ्यासून 1967 साली जाहीर केले की, लिथियम सुरू झाल्यापासून झटक्यांची संख्या व मुदत फार घटली.

यावर 1968 साली लंडनच्या 'लान्सेट' या नियतकालिकात बॅरी ब्लॅकवेल व मायकेल शेपर्ड यांचा लेख आला. प्रतिबंधक लिथियम ही वैद्यकातली आणखी एक दंतकथा तर नव्हे, असा प्रश्नच त्याच्या शीर्षकात होता. त्यांचा मुख्य आक्षेप सामान्य वाचकासही पटण्यासारखा आहे. ज्यांस अलीकडे वरचेवर झटके आले तेच रोगी तुम्ही निवडले; म्हणजे लाट उंच असताना मोजमाप सुरू केले; मग काही न करताही ती थोडीबहुत उतरणारच. औषधापूर्वीची वर्षे आणि औषधानंतरची वर्षे यांची तुलना म्हणजे पुरावा नव्हे. दोन सारख्या गटांपैकी एकास औषध आणि दुसऱ्यास निःसत्त्व गोळी मिळाली पाहिजे, आणि कोणास काय मिळाले हे निकाल लागेपर्यंत रोग्यास व डॉक्टरासही कळता कामा नये. काकतालीय न्याय तो हाच. फक्त कावळ्याच्या जागी गोळी.

स्कौच्या पक्षाच्या इतिहासकारांनी शेपर्डास बहुधा खलनायकाचे काम दिले आहे. ते मला मान्य नाही. हा मनुष्य हट्टी खरा, पण त्याचा हट्ट सर्वांस सारखा लागू होता. आपल्या सर्पगंधेचेच पाहा. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली वेडावर व रक्तदाबावर तिचा गुण सांगितला, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील प्रसिद्ध लेख केडच्याच वर्षी, म्हणजे 1949 साली, विलायतेत छापला गेला. आणि 1952 साली तिच्यातून स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे रेसर्पिनने माणूस विषादात बुडतो, अशी समजूत रूढ होऊन तिच्यावर मेंदूतील रसायनांच्या मोठमोठ्या उपपत्ती रचल्या गेल्या. परंतु 1955 साली चिंताग्रस्त व विषण्ण रोग्यांवर रेसर्पिनची रीतसर कसोटी घेऊन, निःसत्त्व गोळीपेक्षा त्याने बरे वाटते असा उलटा निष्कर्ष छापणाऱ्या दोघांपैकी एक हा शेपर्डच होता. तो निष्कर्ष कोणी फारसा मनावर घेतला नाही. सोयीच्या उपपत्तीपुढे गैरसोयीच्या कसोटीचे काय होते, हे ज्याने स्वतः अनुभवले, त्याने लिथियमच्या भक्तांकडे संशयाने पाहिले तर नवल कसले?

आणि स्कौ अलिप्त नव्हता, हेही खरे. त्याच्या धाकट्या भावास विषादाचे झटके वर्षानुवर्षे येत असत. लिथियम सुरू झाल्यावर ते थांबले. पुढे स्कौने हे उघडपणे सांगितलेही. ज्याच्या घरात असे दुखणे आहे त्याने त्या दुखण्याच्या औषधाची परीक्षा घेऊ नये, असे म्हणता येईल काय? मला वाटते, घेऊ नये असे नव्हे. पण त्याची साक्ष एकट्याने पुरी पडत नाही. भावावरचे प्रेम माणसास शोधास लावते, आणि तेच प्रेम त्यास जे पाहावयाचे आहे ते दाखवितेही.

आता खरा पेच होता तो नीतीचा. बास्ट्रप व स्कौ यांची अडचण अशी की, आमच्या डोळ्यांदेखत ज्या सुखरूप आहेत अशा स्त्रियांचे औषध काढून त्यांस निःसत्त्व गोळी द्यावयाची म्हणजे जाणूनबुजून त्यांस खड्ड्याच्या काठी नेऊन उभे करणे. या रोगात आत्महत्येचे भय काही थोडे नाही. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, सिद्ध न झालेले विषारी औषध निरोगी काळातही जन्मभर चालू ठेवणे ही तरी कोठली नीती? दोन्ही बाजूंस वजन होते. अखेर डेन्मार्कच्या डॉक्टरांनी कसोटी केली. वर्षाहून अधिक काळ लिथियमवर असलेल्या 84 स्त्रिया घेतल्या; 45 जणींचे औषध चालू ठेवले, 39 जणींस नकळत दुसऱ्या गोळ्या दिल्या, आणि फरक निःसंशय दिसताच थांबावयाचे अशी गणिती व्यवस्था ठेवली. पाच महिन्यांत दुसऱ्या गटातील 21 जणींस रोग उलटला. पहिल्या गटात एकीसही नाही. 1970 साली हा निकाल 'लान्सेट'मध्येच छापला गेला. पुढच्या वर्षी इंग्लंडात अलेक कॉपेन याच्या कसोटीनेही लिथियमचीच बाजू घेतली. अमेरिकेच्या सरकारने 1970 साली उन्मादावर आणि 1974 साली प्रतिबंधासाठी लिथियमला मान्यता दिली.

त्या एकवीस स्त्रियांची नावे कोणास ठाऊक नाहीत. आज जगभर जे लोक हे औषध विश्वासाने घेतात, त्यांच्या विश्वासाची किंमत या बायकांनी भरली. त्यांनी ती भरावयास नको होती असे म्हणावे, तर मग आपल्यापाशी ताईत आणि गोळी यांत फरक दाखविणारा पुरावा कोणता उरतो? या प्रश्नाचे उत्तर मला सहज देता येत नाही.

वाद तेवढ्यावर मिटला नाही. 1990 नंतर असे दिसून आले की, लिथियम एकाएकी सोडले तर त्या सोडण्यानेच उन्माद उसळतो. तेव्हा 1970 च्या आकड्यांत औषधाचा गुण किती आणि ते अचानक तोडल्याचा धक्का किती, ही शंका जोआना मॉनक्रीफ आदींनी पुढे आणली. आणि ती रास्त आहे. पुढे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 330 रोग्यांवरील कसोटीत केवळ व्हॅल्प्रोएट घेणारांपेक्षा लिथियम घेणारे अधिक सुखरूप राहिले. आत्महत्या टळतात, हाही निष्कर्ष अनेक कसोट्या एकत्र तपासून निघाला होता; परंतु अमेरिकेतील 519 माजी सैनिकांवरील, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कसोटीत तसा फरक आढळला नाही. मूत्रपिंडे व कंठग्रंथी यांवर दीर्घकाळाने होणारा परिणाम हा निराळाच विषय.

शंकेखोरांच्या त्या आक्षेपातून व्यवहाराचा एक नियम मात्र कायम झाला: लिथियम थांबवावयाचेच असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, महिनोन् महिने कमी करीत थांबवितात, बरे वाटले म्हणून एका रात्रीत नव्हे. आपल्या हवेत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शरीरातील मीठ व पाणी कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात व रक्तातील त्याचे प्रमाण चढते. म्हणून वैशाखातला घाम, निर्जळी उपवास, जुलाब, किंवा रक्तदाबासाठी कोणी सुचविलेले अळणी जेवण, यांपैकी काहीही या रोग्याच्या वाट्यास आले तर ते आधी डॉक्टरांस कळवावे, आणि हात कापू लागले, चाल अडखळू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.