राजमाष आणि घेवडा : कडधान्यांच्या संस्कृत नावांची कथा



घरात कोणी तापातून उठले की त्याला पहिल्याने मुगाचे कढण द्यावे, हे आपल्याकडे शिकवावे लागत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखात छाती कफाने भरली की हुलग्याचे माडगे चुलीवर चढते. ज्या गृहिणींनी हे पथ्य पिढ्यान् पिढ्या सांभाळले, त्यांतील बहुतेकींनी चरक वा सुश्रुत ही नावेही ऐकली नसतील. परंतु त्या करीत आल्या ते त्या ग्रंथांत लिहिलेले आहे. आज विचार करावयाचा तो याच दुव्याचा, आणि तो कोठे निखळतो याचाही.

कडधान्यांची नावे फार जुनी आहेत. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत धान्यांची जी प्रसिद्ध यादी आहे, तीत व्रीही, यव, गोधूम यांच्याबरोबर माष, मुद्ग आणि मसूर येतात. पुढे वैद्यकाने त्यांचे वर्ग पाडले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात शमीधान्यवर्ग आहे. शमी म्हणजे शेंग. वाग्भट त्यांनाच शिंबीधान्य म्हणतो. यांतील मुद्ग म्हणजे मूग, माष म्हणजे उडीद, मकुष्ठ म्हणजे मटकी, आढकी म्हणजे तूर, चणक म्हणजे हरभरा, निष्पाव म्हणजे वाल-पावटा आणि कुलत्थ म्हणजे कुळीथ. कोकणात कुळीथ म्हणतात, देशावर हुलगा, आणि जतपलीकडचा कन्नड शेतकरी हुरळी. माष तर सराफकट्ट्यावरही जाऊन बसला. बारा माशांचा तोळा आपण परवापरवापर्यंत मोजत होतो. ते वजन मूळचे उडदाच्या दाण्याचे.

गुणदोषांच्या बाबतीत या ग्रंथकारांची दृष्टी मोठी व्यवहारी आहे. शमीधान्यांत पथ्याला मूग सर्वांत श्रेष्ठ आणि उडीद सर्वांत कनिष्ठ, असे चरक सांगतो. म्हणजे उडीद टाकाऊ काय? मुळीच नाही. तोच चरक उडदाला स्निग्ध, बल देणारा आणि वातशामक म्हणतो. मात्र तो पचावयास जड आहे. ज्याचा अग्नी मंद, त्याला मूग. ज्याला कष्ट करावयाचे आणि पचविण्याची ताकद आहे, त्याला उडीद. कुळीथ उष्ण, कफवात कमी करणारा, म्हणून खोकला, दमा, उचकी आणि मूळव्याध यांत सांगितला. आपले माडगे ते हेच. इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जळालेल्या धान्यांमध्ये कुळीथही मिळाला आहे. ग्रंथ लिहिला जाण्यापूर्वीच तो या मातीतल्या माणसाच्या मडक्यात होता.

आता निखळलेल्या दुव्याकडे येऊ. संहितांत राजमाष नावाचे एक धान्य आहे. ते म्हणजे चवळी. परंतु आज बाजारात राजमा मिळतो, नाव कानाला सारखेच लागते, आणि मग राजमाषाचे गुण सरळ राजम्याला चिकटविले जातात. राजमा हा घेवड्याचा भाऊबंद. घेवडा मूळचा अमेरिकेचा. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोहोचण्यापूर्वी हे बी हिंदुस्थानात कोणी पाहिलेले नव्हते, मग चरकाने त्याचे गुण लिहावे कसे? आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोही याच परक्या कुळातला. भुईमुगाचेही तेच. नावात मूग आहे, पण रोप दक्षिण अमेरिकेतून आलेले. मुद्गाचे पथ्य त्याला लावून चालणार नाही. घेवडा आणि भुईमूग आज आपलेच आहेत, त्यांनी आपल्या शेतकऱ्याला चार पैसे दिले आहेत. पण त्यांना प्राचीनांची सनद देण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, नावात काय बिघडते? बिघडते ते ऐका. घेवड्याच्या, विशेषतः तांबड्या राजम्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. दाणा भिजवून चांगला उकळला नाही तर ओकाऱ्या आणि हगवण लागते. राजमाषाच्या वर्णनात ही सूचना सापडणार नाही, कारण ते वर्णन चवळीचे आहे. दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. सुश्रुताने कलायखंज नावाचा रोग सांगितला आहे. त्यात माणूस चालू लागताच थरथरतो आणि लंगडतो. कलाय म्हणजे वाटाणा असे कोश सांगतात, पण वाटाण्याने कोणी पांगळा होत नाही. अलीकडचे अभ्यासक या रोगाचा संबंध लाखेच्या डाळीशी जोडतात. दुष्काळात महिनोन् महिने मुख्यतः लाखेवरच राहिलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणे आहेत. सोळाव्या शतकातील भावमिश्र लाखेला त्रिपुट म्हणतो आणि ती पांगळे करते, असे स्पष्ट लिहितो. जुन्या वैद्याचे निरीक्षण अचूक होते. पण नावाचा अर्थ चुकला तर त्याचा इशारा वाया जातो.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, ग्रंथातील नाव वाचले की आधी दाणा ओळखावा, मग गुण सांगावा. तसेच, कुळथाचा काढा मुतखड्यावर सांगितला आहे म्हणून खडा केवढा आणि कोठे आहे हे न तपासता घरीच काढे पीत बसू नये. चरकाचा खरा शिष्य रोगी पाहिल्याशिवाय औषध सांगत नाही. आणि माणदेशातील एखाद्या आजीबाईंना माडगे कसे करतात, हुलगा किती भाजतात, कोणाला देतात आणि कोणाला देत नाहीत, हे विचारून लिहून ठेवावे. चरकाचे वचन छापलेले आहे, ते कोठे जात नाही. आजीबाईंचे ज्ञान मात्र त्यांच्याबरोबर जाईल.