विक्रीआधीची डुकरं : वाढीच्या पावडरींपैकी कामाची कोणती, टाळायची कोणती?

रत्नागिरी : डुक्कर साधारण 35-40 किलोचं झालं की विक्रीपर्यंत सगळ्यात जास्त खर्च खाद्यावर होतो. याच काळात 'वजन झटपट वाढवणाऱ्या' पावडरी घेतल्या जातात. पैसे घालण्याआधी कोणती पावडर काय काम करते, हे समजून घ्या.

आधी मूळ खाद्य

या वयात खाद्यात साधारण 16 टक्के प्रथिनं लागतात. नुसता भाताचा कोंडा आणि हॉटेलचा उरलेला भात दिला तर चरबी वाढते, मांस कमी भरतं. मक्याचा भरडा, सोयाबीन पेंड, खनिज मिश्रण आणि थोडं मीठ हा पाया. स्वच्छ पाणी दिवसभर हवंच.

उपयोगी पूरक घटक

- लायसिन : मक्यात कमी असलेला प्रथिनांचा घटक. पेंड कमी पडते तिथे फरक दिसतो.
- फायटेज : धान्यात अडकून राहिलेला फॉस्फरस डुकराला मिळवून देणारं विकर.
- प्रोबायोटिक : आतड्यातले चांगले जिवाणू. दूध तुटलेल्या पिल्लांना फायदा जास्त, मोठ्या डुकरांत कमी.
- टॉक्सिन बाइंडर : बुरशीचं काही विष बांधून ठेवतो, पण बुरसलेलं खाद्य चांगलं करत नाही. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. म्हणून पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा.

हे टाळा

वाढीसाठी रोज अँटिबायोटिक देऊ नका. जंतू औषधाला दाद देईनासे होतात, ते माणसालाही भोवतं. कोलिस्टिन खाद्य-जनावरांना देण्यावर भारतात जुलै 2019 पासून बंदी आहे. युरोपीय संघाने वाढीसाठीची अँटिबायोटिक्स 2006 पासूनच थांबवली. आजारासाठी औषध दिलं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय जनावर विकू नका.

बंदरावरची मासळीची घाण स्वस्त पडते, पण विक्रीआधीच्या शेवटच्या आठवड्यांत दिली तर मटणाला वास येतो. खारी सुकी मासळी जास्त झाली आणि पाणी कमी पडलं, तर मिठाची विषबाधा होऊन डुकराला झटके येतात.

हॉटेलचं उष्टं न उकळता देऊ नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात 2020 मध्ये आला. उष्ट्यातल्या डुकराच्या मांसातून तो पसरू शकतो, त्यावर इलाज नाही. उष्ट्यात डुकराचं मांस असल्याची शंका असेल तर ते देऊच नका.

पावडर लागू पडली का? असं तपासा

सारख्या वजनाच्या दहा डुकरांचे पाच-पाचचे दोन गट करा. खाद्य तेच, पावडर एकाच गटाला. महिन्याने वजन घ्या. काटा नसेल तर छातीचा घेर × घेर × लांबी (कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत), सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 14,400. घेर 95, लांबी 100 असेल तर वजन सुमारे 63 किलो.

गटाने 300 किलो खाद्य खाऊन 75 किलो वजन वाढवलं, तर एका किलोला 4 किलो खाद्य लागलं. पावडरवाल्या गटात हा आकडा कमी झाला आणि वाचलेल्या खाद्याचे पैसे पावडरीच्या किमतीपेक्षा जास्त निघाले, तरच ती परवडली.

कोणतीही पावडर सुरू करण्याआधी पिशवीवरचं लेबल जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. घटकांची नावं नसलेली सुटी पावडर घेऊच नका.