जुन्या मोटारगाडीचे इंजिन सुरू न होणे

जुन्या मोटारगाडीचे इंजिन सुरू न होणे हा कार्ब्युरेटर आणि सीबी पॉइंट असलेल्या पेट्रोल गाड्यांत वारंवार आढळणारा दोष आहे. इंजिन सुरू होण्यासाठी चार गोष्टी आवश्यक असतात: पुरेशा वेगाने फिरणे, योग्य क्षणी पडणारी ठिणगी, इंधन व हवा यांचे योग्य मिश्रण आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब. यांपैकी नेमके काय उणे आहे हे ठरण्यापूर्वीच सुटे भाग बदलल्यास खर्च वाढतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात अशा गाड्यांचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होत असे. तिचे मूळ रूप 'फियाट ११००' हे होते; इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मात्र हौशी मालकांकडे ती आजही आढळते. या गाड्यांत दोष दाखवणारी संगणकीय यंत्रणा नसल्याने निदान डोळे, कान आणि नाक यांच्या साहाय्याने करावे लागते.

निदानाचा क्रम

१. बॅटरी व स्टार्टर : हेडलाइट लावून स्टार्टर फिरवावा. प्रकाश एकदम मंदावल्यास बॅटरी उतरलेली असते किंवा तिची टर्मिनले गंजलेली अथवा सैल असतात. प्रकाश तसाच राहून स्टार्टर हलत नसल्यास वीज स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. धक्का देऊन गाडी सहज सुरू झाल्यास ठिणगी आणि इंधन ठीक असून दोष बहुधा बॅटरी किंवा स्टार्टरमध्ये असतो.

२. ठिणगी : इंजिन फिरते पण पेटत नाही, अशा वेळी एक प्लग काढून त्याच्या वायरला जोडावा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवावा आणि स्टार्टर फिरवावा. निळसर, जोमदार ठिणगी अपेक्षित असते. ती पिवळसर व क्षीण असल्यास किंवा दिसतच नसल्यास सीबी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर आणि डिस्ट्रिब्यूटरची टोपी तपासावी.

३. इंधन : प्रथम टाकीत पेट्रोल आहे का ते पाहावे. बराच वेळ स्टार्टर फिरवूनही प्लग कोरडे असल्यास पेट्रोल पोहोचत नाही. तेव्हा फिल्टर, पंप आणि कार्ब्युरेटरचा जेट पाहावा. प्लग ओले असून पेट्रोलचा वास येत असल्यास गाडी 'ओव्हरफ्लो' झालेली असते. अशा वेळी चोक बंद करून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवावा व स्टार्टर फिरवावा.

४. दाब : वरील सर्व गोष्टी ठीक असल्यास प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजावा. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकल्यावर दाब वाढल्यास पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

ऋतूंचा परिणाम

पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओलावा साचून ठिणगी भरकटते. टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसल्यास गाडी अनेकदा सुरू होते. उन्हाळ्यात तापलेल्या पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह खुंटतो. अशा वेळी इंजिन निवू देतात आणि पंपावर ओले फडके ठेवतात. त्यामुळे थंड असताना सुरू होणारी, पण तापल्यावर अडणारी गाडी हे स्वतंत्र लक्षण मानावे. मात्र तापल्यावर निकामी होणाऱ्या कॉइल किंवा कंडेन्सरमुळेही हेच घडते. म्हणून गाडी अडलेल्या स्थितीतच ठिणगी तपासणे आवश्यक असते.

सुरक्षितता

ठिणगीची तपासणी आणि पेट्रोलची नळी सोडणे ही कामे एकाच वेळी करू नयेत. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खराब होऊन गळती होऊ शकते. पेट्रोलचा उग्र वास आल्यास स्टार्टर फिरवणे थांबवून आधी गळती शोधावी. धक्का देण्यापूर्वी रस्ता मोकळा व सपाट असल्याची खात्री करावी.