दुहेरी नीती, स्त्री-पुरुषांविषयीची

एकच वर्तन पुरुषाने केल्यास क्षम्य किंवा गौरवास्पद आणि स्त्रीने केल्यास दोषास्पद मानण्याची सामाजिक प्रवृत्ती. मध्ययुगीन मराठी वाङ्मयात ती वैराग्याच्या संदर्भात, तर आधुनिक काळात पुनर्विवाह, व्यभिचार व वारसा यांविषयीच्या रूढींत आणि कायद्यांत ठळकपणे दिसते.

मध्ययुगीन वाङ्मय : तेराव्या शतकात चक्रधरांनी महानुभाव पंथात स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. महदंबा ही आद्य मराठी कवयित्री याच पंथातील. वारकरी परंपरेत मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा यांनी अभंगरचना केली. मात्र भक्तीची वाट खुली झाली, तरी संसारातून सुटण्याची मुभा दोघांना सारखी मिळाली नाही. रामदास बोहल्यावरून निघून गेल्याची कथा वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मंडपात राहिलेल्या वधूचे दुःख तीत गौण ठरते. तुकाराम भजनात रमले असता घरची ओढाताण पत्नी जिजाई हिने सोसली, तरी चरित्रपरंपरेने तिला बहुधा कजाग म्हणूनच रंगवले.

याच बाबतीत स्त्रीच्या वाट्याला काय येई, याची साक्ष बहिणाबाईंच्या (१६२८–१७००) आत्मचरित्रपर अभंगांत मिळते. बालवयातच त्यांचे लग्न वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी झाले. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला त्या आपल्या लाडक्या वासरासह जात. स्वामींनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवल्याची वार्ता घरी पोहोचताच पतीने त्यांना मारहाण केली. पुढे त्यांनी तुकारामांना गुरू मानले, तेव्हा ब्राह्मण पतीला ते अपमानास्पद वाटले व त्याने त्यांना सोडून जाण्याची तयारी केली. वेदाधिकार नाकारला गेलेल्या स्त्रीदेहाविषयीची खंत बहिणाबाई उघडपणे मांडतात. तथापि पातिव्रत्य आणि भक्ती यांचा मेळ घालूनच त्यांना आपली वाट काढावी लागली.

एकोणिसावे शतक : उच्चवर्णीय विधुराला लगेच दुसरे लग्न करता येई, विधवेला मात्र, ती बालिका असली तरी, केशवपन व आजन्म वैधव्य सोसावे लागे. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध ठरला, पण रूढी ढळली नाही. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर दोषारोप झाले. त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांतही कसा आढळतो, हे त्यांनी दाखवले. शास्त्रकार व नाटककारही त्यांच्या टीकेतून सुटले नाहीत. फुले यांनी त्यांची पाठराखण केली.

आधुनिक काळ : १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पुरुषाच्या बहुपत्नीत्वाला बंदी झाली. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ नुसार परस्त्रीशी तिच्या पतीच्या संमतीविना ठेवलेला संबंध हा गुन्हा होता. पत्नीला मात्र व्यभिचारी पतीविरुद्ध तशी तक्रार करता येत नसे. पत्नीला पतीची मालमत्ता समजणारे हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केले. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये व देशभर २००५ मध्ये मिळाला. तरीही १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या निपुत्रिक विधवेची स्वकष्टार्जित मिळकत तिच्या आईवडिलांआधी पतीच्या वारसांकडे जाते.

कायद्यापेक्षा रूढी चिवट ठरते. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. विधुराला अशी कोणतीही खूण अंगावर वागवावी लागत नव्हती. त्यामुळे त्याच्यासाठी ठरावाची गरज कधी पडली नाही.