महाभक्षी पेशी : मधुमेह व हृदयविकार

महाभक्षी पेशी : जंतू, मृत पेशी व इतर कचरा गिळून पचविणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. रक्तातील मोनोसाइट ऊतींत शिरले की त्यांपासून या पेशी बनतात. काही मात्र गर्भावस्थेपासूनच त्या त्या अवयवात मुक्कामाला असतात. ईल्या मेचनिकोव्ह यांना 1882 मध्ये इटलीतील मेसीना येथे तारामाशाच्या डिंभावर प्रयोग करताना भक्षणक्रियेची कल्पना सुचली. 1908 चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले.

मेदऊती व इन्सुलिनरोध : मेदऊती म्हणजे केवळ चरबीचे कोठार, असा समज दीर्घकाळ होता. 1993 मध्ये गोखन होतामिस्लिगिल, ब्रूस स्पीगलमन व सहकाऱ्यांनी लठ्ठ प्राण्यांच्या मेदऊतीत टीएनएफ-अल्फा हे दाहजनक प्रथिन वाढलेले असते आणि ते निष्प्रभ केल्यास इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, असे दाखविले. हे प्रथिन मुख्यतः महाभक्षी पेशींतून येते, हे 2003 मध्ये उलगडले. सडपातळ शरीराच्या मेदऊतीत महाभक्षी पेशी 10 टक्क्यांहून कमी, तर लठ्ठ माणसांत जवळपास 40 टक्क्यांपर्यंत आढळल्या. फुगून मरणाऱ्या मेदपेशीभोवती त्या कडे करतात. त्यांची ‘दाहक’ व ‘दाहशामक’ ही पाठ्यपुस्तकी विभागणी सोयीची आहे, इतकेच. प्रत्यक्षात मधल्या अनेक अवस्था दिसतात.

लठ्ठपणा केवळ वजनावरून ठरविणे भारतीयांच्या बाबतीत फसवे ठरते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचाही बीएमआय 22.3, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा 9.1 टक्के, तर याज्ञिक यांचा 21.2 टक्के.

पहिल्या प्रकारचा मधुमेह : यात इन्सुलिनरोध नव्हे, तर इन्सुलिन बनविणाऱ्या बीटा पेशींचा नाश हे मूळ असते; तो मुख्यतः महाभक्षी पेशी नव्हे, तर टी-पेशी करतात.

धमनीतील फेनपेशी : एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या अस्तराखाली अडकून ऑक्सिडीभूत झाले, की महाभक्षी पेशी ते गिळू लागतात. नेहमीचे एलडीएल ग्राही पेशीची गरज भागताच घटतात. मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी 1979 मध्ये वर्णिलेल्या, बदललेले एलडीएल घेणाऱ्या ग्राहींना असा लगाम नसतो. पोट भरले तरी पेशी खातच राहते, मेदाच्या थेंबांनी फेसासारखी दिसू लागते आणि तेथेच मरते. मृत फेनपेशींचा गाभा वाढत जातो. शेजारच्या पेशींची विकरे त्यावरचे तंतुमय आवरण झिजवितात. ते फाटले, की रक्ताची गुठळी धरते. हृदयविकाराच्या अनेक झटक्यांमागे हाच घटनाक्रम असतो.

उपचार : ‘कँटॉस’ चाचणीत (2017) हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 10,061 रुग्णांचा समावेश होता. इंटरल्युकिन-1-बीटा हे दाहजनक प्रथिन रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या 150 मिग्रॅ. मात्रेने झटका, पक्षाघात व हृदयविकारजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी घटले. प्राणघातक जंतुसंसर्ग मात्र वाढले आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. मेथोट्रेक्सेट या दाहशामक औषधाचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपयोग झाला नाही. संधिरोगावरचे जुने औषध कोल्चिसिन कमी मात्रेत हृदयविकारासाठी वापरण्यास अमेरिकेने 2023 मध्ये मान्यता दिली. 2024 मध्ये झटक्यानंतरच्या रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. मधुमेहाच्या बाजूने पाहता, ‘कँटॉस’मध्ये नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण कॅनाकिनुमॅबने घटले नाही.