ग्लोरँथा : विविध खेळपद्धतींतील रूपांतरे

ग्लोरँथा : अमेरिकन खेळरचनाकार ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) यांनी कल्पिलेले अद्भुतविश्व. त्यातील पहिली कथा त्यांनी १९६६ मध्ये लिहिली. भूमिकाखेळ हा प्रकार रूढ करणारा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ चा. त्यामुळे हे विश्व कोणत्याही नियमांच्या मापाने बेतलेले नव्हते. पुढे ते अनेक नियमपद्धतींत बसवले गेले आणि दर वेळी त्याचे वेगळे अंग उठून दिसले. येथील भक्त देवाची केवळ पूजा करीत नाही. विधीच्या द्वारे तो पुराणकथेत शिरतो आणि देवाने केलेले कृत्य स्वतः करतो. हा गाभा फाशांच्या खेळात कसा आणायचा, हाच सर्व रूपांतरांपुढचा खरा प्रश्न आहे.

पटावरील खेळ : ‘व्हाइट बेअर अँड रेड मून’ (१९७५) हा युद्धखेळ छापण्यासाठी स्टॅफर्ड यांनी केऑसियम ही संस्था काढली. ड्रॅगन पास या प्रदेशातील सार्टरचे राज्य व चंद्रदेवतेचे साम्राज्य यांचा संघर्ष हा त्याचा विषय. त्यानंतर ‘नोमॅड गॉड्स’ (१९७७).

रुनक्वेस्ट : १९७८. नियमांचे श्रेय मुख्यतः स्टीव्ह पेरिन, रे टर्नी व त्यांच्या सहकाऱ्यांना दिले जाते. यात पात्रांचे वर्ग नाहीत, पातळ्याही नाहीत. प्रत्येक कौशल्य टक्क्यांत मोजले जाते आणि वापरल्यानेच वाढते : मोहिमेनंतर फासे टाकून आपल्या टक्क्यांहून मोठा आकडा पडला तरच प्रगती, म्हणून निष्णात माणूस सावकाश शिकतो. याहून महत्त्वाची पंथांची रचना. देवाकडून मंत्र मिळवायचा तर साधकाने आपल्या आत्मबलाचा एक अंश कायमचा अर्पण करायचा. दुसऱ्या आवृत्तीत ‘रुन लॉर्ड’ हे पंथातील वरचे पद मिळवण्यासाठी पाच कौशल्ये नव्वद टक्क्यांवर न्यावी लागत. श्रद्धेची किंमत पात्राच्या कागदावर दिसू लागली, हे या पद्धतीचे सर्वांत मोलाचे कार्य होय. ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ (१९७९) या पुस्तकात पंथांच्या माहितीबरोबरच एका फिरत्या व्यापाऱ्याची प्रवासदैनंदिनी गुंफली आहे. नियम आणि जग इतके एकजीव झालेले पुस्तक या क्षेत्रात विरळाच.

याच नियमांचा सांगाडा वेगळा काढून ‘बेसिक रोलप्लेइंग’ (१९८०) व ‘कॉल ऑफ कथुल्हू’ (१९८१) हे खेळ उभे राहिले. अॅव्हलॉन हिलने काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत (१९८४) मुख्य पार्श्वभूमी काल्पनिक युरोपची झाली व ग्लोरँथा पुरवणीपुरते उरले. या बदलाने खेळाची हानी झाली की त्याचा वाचकवर्ग रुंदावला, याबाबत जाणकारांत मतभेद आहेत.

हीरो वॉर्स : २०००, रचना रॉबिन लॉज. २००३ मध्ये नाव ‘हीरोक्वेस्ट’ झाले. येथे तलवारबाजी, भावावरची माया, कुळाचा अभिमान या सर्वांना एकाच मोजपट्टीवर अंक मिळतात व कोणताही गुण कोणत्याही झुंजीत कामी आणता येतो. पुराणकथेतील प्रवेश या पद्धतीत सर्वांत सहज साधतो.

एकच पात्र घेतले तर फरक ध्यानात येतो. मृत्यूचा व तलवारीचा देव हुमाक्त याची एक उपासक. ‘रुनक्वेस्ट’मध्ये तिच्या तलवारीचे ८५ टक्के असतील, तर शंभरात तेवढा किंवा त्याखालचा आकडा पडल्यास वार लागतो, मग वीस बाजूंचा फासा तो डाव्या हातावर बसला की पोटात हे सांगतो. तेथले चिलखत अपुरे ठरले तर प्रतिस्पर्ध्याचा हात निकामी होऊ शकतो. ‘हीरो वॉर्स’मध्ये अवयवांचा हिशेब नाही, तिचा ‘दिला शब्द पाळणे’ हा गुण मात्र तलवारीच्या मदतीला येतो. रॉब हाइन्सू व जोनाथन ट्वीट यांच्या ‘थर्टीन्थ एज ग्लोरँथा’त (२०१८) हुमाक्ती हा स्वतंत्र वर्गच आहे, आणि लढाईच्या प्रत्येक फेरीगणिक वार लागण्याची शक्यता वाढत जाते. तेथे थरार अधिक, पण साधकाचा त्याग जाणवत नाही.

मंगूज आवृत्ती : मंगूज या प्रकाशनसंस्थेची ‘रुनक्वेस्ट’ची आवृत्ती, २००६. कालखंड ग्लोरँथाच्या इतिहासातील दुसऱ्या युगाचा.

संगणक खेळ : ग्लोरँथात घडणारे ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ (१९९९) व ‘सिक्स एजेस’ (२०१८).

सद्यःस्थिती : ‘रुनक्वेस्ट : रोलप्लेइंग इन ग्लोरँथा’ (२०१८) ही केऑसियमची आवृत्ती दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांकडे वळली आहे. निष्ठा, प्रेम, द्वेष यांनाही तिने टक्के दिले. ही कल्पना स्टॅफर्ड यांच्याच ‘पेंड्रॅगन’मधून (१९८५) आली. अवयवनिहाय जखमा आणि पुराणकथा यांचा मेळ आजवर येथेच उत्तम बसला आहे. ग्लोरँथा नव्या नियमांत बसवू पाहणाऱ्याने मात्र आधी ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ वाचावे.