ऐनजिनसी

जयपूरचं जगतपुरा असो की पुण्याची वाघोली, जिथे इमारती भराभर उठतात तिथे सिमेंट, सळई, फरशी पुरवणाऱ्यावर बिलाच्या बदल्यात फ्लॅट घ्यायची वेळ कधी ना कधी येतेच. धंद्यात याला 'बार्टर' म्हणतात. शब्द इंग्रजी, म्हणून रीतही बाहेरून आल्यासारखी वाटते. पण आपल्या मोडी दफ्तरांत तिला जुनं नाव आहे: ऐनजिनसी.

पेशवाईतल्या हिशेबात नाण्यात दिलं ते नक्त, वस्तूत दिलं ते ऐनजिनसी. दोन्ही शब्द अरबीचे, फारसीमार्गे आलेले. 'नक्द'च्या मुळाशी खरं-खोटं नाणं पारखणं आहे. 'ऐन' म्हणजे डोळा, त्यावरून प्रत्यक्ष ती वस्तू. 'जिन्स' मात्र अरबांनीही ग्रीकांकडून उचललेला. तिकडे 'गेनोस' म्हणजे कुळ. कुळकथा लिहायला बसावं आणि शब्दाच्याच पोटातून कुळ निघावं! मराठीत त्याचा जिन्नस झाला आणि किराण्याच्या यादीत जाऊन बसला. हिंदीत बाजारभावाच्या बातम्यांत तो अजून 'जिंस' म्हणून नांदतो.

गावगाड्यात सुतार-लोहाराचं बलुतं खळ्यावर धान्यात मोजलं जाई. पुढे जिन्नस बदलला, जमीनच चलन झाली. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई परिसरात, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून नवी मुंबईच्या शेतकऱ्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळू लागले. उरण-पनवेलकडे 'साडेबारा टक्के' हे आता नामच आहे. जयपूरच्या रिंगरोडसाठी जमिनी घेताना तिथेही रोख मोबदल्याऐवजी २५ टक्के विकसित जमीन देऊ केली: २० निवासी, ५ व्यापारी.

कायद्यालाही हे सगळं ठाऊक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ११८ वं कलम अदलाबदलीचंच. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या सातव्या कलमात विक्रीच्या रांगेत 'बार्टर' उघड लिहिलेलं आहे. व्यवहारात रुपया दिसला नाही तरी कर भरायचा तो नक्तच.

फरशीवाल्याची पंचाईत इथे होते. बलुत्याची ज्वारी दळून संध्याकाळी भाकरी थापता येई. आठव्या मजल्यावरचा, अजून प्लास्टरही न झालेला फ्लॅट ना खाता येतो, ना त्यातून ट्रकवाल्याचं भाडं सुटतं. मग तो बिल्डरच्या दरापेक्षा फुटामागे काही रुपये उतरवून विकायला काढतो. नाहीच खपला, तर ज्या कारखानदाराची उधारी आहे त्याच्याकडे तोच फ्लॅट पुढे सरकवून बघतो.